मारहाणीचा गुन्हा: कलम कशावरून ठरतं? दुखापत, जबर दुखापत आणि हेतू

मोहल्ल्यात भांडण होतं. पार्किंगवरून, नळाच्या पाण्यावरून, पोरांच्या क्रिकेटवरून, वाटणीच्या भिंतीवरून. कुणीतरी हात उगारतो, कुणाचं डोकं फुटतं, आणि रात्री दोन्ही घरची माणसं पोलीस ठाण्याच्या बाकावर बसलेली असतात. तिथे सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो: "कलम कुठलं लावलं?"

या एका उत्तरावर पुढचं सगळं ठरतं. पोलीस तपास करणार की नुसती नोंद घेऊन घरी पाठवणार, अटक होणार की नाही, जामीन ठाण्यातच मिळणार की कोर्टात मागावा लागणार, दोन्ही बाजू बसून मिटवू शकतील की नाही. तरीही कलम कशावरून ठरतं हे बहुतेक घरांत कुणाला माहीत नसतं. रक्त जास्त आलं म्हणजे मोठा गुन्हा आणि रक्त नाही म्हणजे काहीच नाही, असा सरसकट समज आहे. कायदा रक्त मोजत नाही. तो मुख्यतः तीन गोष्टी बघतो: इजा कोणती झाली, मारणाऱ्याच्या मनात काय होतं, आणि कशाने मारलं.

आधी कायद्याचं नाव. १८६० चा भारतीय दंड विधान हा कायदा ३० जून २०२४ पर्यंत चालला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता २०२३ लागू झाली आहे. घटना त्या तारखेच्या आधीची असेल तर खटला जुन्याच कलमांवर चालतो, म्हणून कोर्टात अजून काही वर्षं ३२३, ३२४, ३२६, ३०७ हे आकडे ऐकू येत राहतील. नव्या संहितेत त्यांच्या जागी अनुक्रमे ११५(२), ११८(१), ११८(२) आणि १०९ आले आहेत. आकडे बदलले, पण आतला साचा बराचसा जुनाच आहे.

दुखापत म्हणजे काय

संहितेच्या कलम ११४ नुसार शारीरिक वेदना, रोग किंवा विकलता, यांपैकी काहीही दुसऱ्याला पोहोचवणं म्हणजे दुखापत. जखम दिसलीच पाहिजे असं यात कुठेही म्हटलेलं नाही. थोबाडीत मारली, केस धरून ओढलं, मुका मार दिला, तरी ती दुखापतच. अगदी क्षुल्लक, म्हणजे कोणताही समजूतदार माणूस ज्याची तक्रार करणार नाही असा त्रास कलम ३३ ने गुन्ह्याच्या बाहेर ठेवला आहे. लोकलच्या गर्दीत लागलेला धक्का हे त्याचं सोपं उदाहरण.

साधी दुखापत 'इच्छापूर्वक' केली तर कलम ११५(२) लागतं. एक वर्षापर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा गुन्हा अदखलपात्र आहे. ठाण्यात ज्याला आपण 'एन.सी.' म्हणतो ती हीच. अशा नोंदीवर मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. "साहेबांनी नुसती एन.सी. घेतली, पैसे खाल्ले" अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. ती कधी खरी असेलही, पण मार साधा असेल तर कायद्यानेच पोलिसांचे हात बांधलेले असतात. मात्र घडलेल्या प्रकारात एक जरी दखलपात्र गुन्हा असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ प्रमाणे सगळं प्रकरणच दखलपात्र धरलं जातं. जबाब देताना हे ध्यानात ठेवायला हवं. फक्त थोबाडीत मारल्याचं सांगितलं आणि चाकू दाखवल्याचं राहून गेलं, तर नोंद अर्धवट होते.

जबर दुखापत: आठ प्रकार

कलम ११६ मध्ये जबर दुखापतीचे आठच प्रकार दिले आहेत. त्यांत बसलं तर जबर, नाहीतर साधी. पुरुषत्व नष्ट करणं. कोणत्याही एका डोळ्याची नजर कायमची जाणं. एका कानाचं ऐकणं कायमचं जाणं. एखादा अवयव किंवा सांधा गमावणं. अवयवाची किंवा सांध्याची शक्ती नष्ट होणं किंवा कायमची कमी होणं. डोकं किंवा चेहरा कायमचा विद्रूप होणं. हाड किंवा दात मोडणं अथवा निखळणं. आणि आठवा, जिवाला धोका करणारी इजा, किंवा जिच्यामुळे माणूस पंधरा दिवस तीव्र वेदनेत राहतो वा आपली रोजची कामं करू शकत नाही अशी इजा. जुन्या कायद्यात ही मुदत वीस दिवसांची होती. आता ती पंधरा झाली आहे.

रोजच्या भांडणांत प्रश्न येतो तो सातव्या आणि आठव्या प्रकाराचा.

दात पडला की लोक त्याला किरकोळ समजतात. कायद्याने तो जबर दुखापतीत मोडतो. डोक्याला सहा टाके पडले पण हाडाला काही झालं नाही, चेहऱ्यावर कायमची खूण राहिली नाही, जिवाला धोका नव्हता आणि माणूस आठ दिवसांत कामावर गेला, तर एवढं रक्त जाऊनही ती साधी दुखापत ठरू शकते. हाडाचे दोन तुकडे व्हायलाच हवेत असंही नाही. सर्वोच्च न्यायालयाने होरीलाल विरुद्ध उत्तर प्रदेश या जुन्या खटल्यात सांगितलं आहे की हाडाला चीर गेली, कपची निघाली, तरी ते हाड मोडणंच. म्हणून डॉक्टरांनी एक्स-रे सांगितला असेल तर तो काढाच. 'सूज उतरेल आपोआप' म्हणून घरी आलेल्या माणसाचं हाड मोडलं होतं हे सहा महिन्यांनी कोर्टात सिद्ध करणं फार अवघड जातं.

आठव्या प्रकाराबद्दल मोठा गैरसमज आहे. पंधरा दिवस दवाखान्यात ॲडमिट राहिलं की आपोआप जबर दुखापत होते, असं काही लोक समजतात आणि सांगणारेही भेटतात. नुसतं खाटेवर असणं पुरत नाही. त्या दिवसांत तीव्र वेदना होत्या किंवा रोजचं काम करता येत नव्हतं, हे डॉक्टरांच्या कागदांवरून आणि साक्षीवरून दिसावं लागतं. उलट, दवाखान्यात एक रात्रही न राहता घरी पडून असलेला हमाल, ज्याला तीन आठवडे ओझं उचलता आलं नाही, तो या व्याख्येत येऊ शकतो. त्याची अडचण एवढीच की त्याच्याकडे कागद नसतो.

मनात काय होतं

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, आणि सगळ्यात कमी समजलेलाही.

कलम ११७ म्हणतं की जबर दुखापत 'इच्छापूर्वक' झाली असं ठरवायला दोन्ही गोष्टी लागतात: इजा प्रत्यक्षात जबर असली पाहिजे, आणि मारणाऱ्याचा तसा हेतू असला पाहिजे किंवा असं होण्याचा संभव आहे याची त्याला जाणीव असली पाहिजे. एक बाजू असून दुसरी नसेल तर कलम लागत नाही.

उदाहरण घेऊ. दोन शेजाऱ्यांत बाचाबाची झाली. एकाने दुसऱ्याच्या थोबाडीत मारली. दुसरा तोल जाऊन पायरीवर पडला आणि मनगटाचं हाड मोडलं. इजा जबर आहे यात वाद नाही. पण थोबाडीत मारणाऱ्याला हाड मोडायचं होतं का? एका चापटीने हाड मोडेल हे त्याला कळत होतं का? नसेल, तर न्यायालय त्याला साध्या दुखापतीसाठी, म्हणजे ११५(२) खाली, दोषी धरू शकतं. आता त्याच शेजाऱ्याने लोखंडी पाइप घेऊन हातावरच घाव घातला असेल, तर 'मला हाड मोडायचं नव्हतं' हे कुणी ऐकून घेणार नाही.

दुसरी बाजूही कायद्याने झाकली आहे. चेहरा विद्रूप करायच्या इराद्याने घाव घातला, चेहरा वाचला, पण माणूस पंधरा दिवस वेदनेने तळमळला. इथे ठरवलेली जबर दुखापत एक आणि झालेली दुसरी. तरीही गुन्हा जबर दुखापतीचाच. हे उदाहरण कायद्यातच दिलेलं आहे.

मग मनातला हेतू सिद्ध कसा होतो? कबुलीवर कुणी थांबत नाही. हत्यार कोणतं, घाव शरीराच्या कोणत्या भागावर, किती जोराने, किती वेळा. आधी धमकी दिली होती का. खाली पडल्यावरही मारणं चालू ठेवलं का. हत्यार घरून आणलं की तिथलंच हाताला लागलं. या बाहेरच्या खुणांवरून न्यायालय आतला हेतू वाचतं. २०२० च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की खेड्यात काठी ही लोकांच्या हातात नेहमीच असते, त्यामुळे प्रत्येक वेळी तिला ठरवून आणलेलं हत्यार मानता येणार नाही. खुनाची शिक्षा त्या प्रकरणात सदोष मनुष्यवधावर आली. म्हणून फिर्यादीत 'काठीने मारलं' एवढंच लिहून भागत नाही. काठी कुठून आली, कुठे लागली, किती वेळा लागली, हे लिहावं लागतं.

'दारूच्या नशेत होतो, काही कळलं नाही' हा बचाव स्वतःहून पिणाऱ्याला जवळजवळ निरुपयोगी आहे. शुद्धीत असताना जे कळलं असतं ते त्याला कळत होतं, असंच कायदा धरतो.

कशाने मारलं

जबर दुखापत हाताने, लाथेने केली तर ११७(२): सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. दखलपात्र, पण जामीनपात्र. पीडिताला कायमचं अपंगत्व आलं किंवा तो बेशुद्धीच्या कायम अवस्थेत गेला, तर ११७(३) मध्ये किमान दहा वर्षं सक्तमजुरी, आणि जन्मठेप झाली तर ती उरलेल्या आयुष्यभराची. ही तरतूद जुन्या कायद्यात नव्हती.

घातक हत्यार आलं की कलम ११८. गोळी, भोसकण्याचं किंवा कापण्याचं हत्यार, वापरलं तर मरण येऊ शकेल अशी वस्तू, आग, तापलेला पदार्थ, विष, स्फोटक, एवढंच काय, अंगावर सोडलेला प्राणीही यात येतो. उकळतं तेल फेकणं आणि कुत्रा सोडणं ही दोन्ही 'हत्यारं' आहेत. इजा साधी असेल तर ११८(१) प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. इजा जबर असेल तर ११८(२): जन्मठेप, किंवा एक ते दहा वर्षं कैद आणि दंड. हा अजामीनपात्र आहे.

दगड घातक हत्यार आहे का? याला ठरलेलं उत्तर नाही. २००५ साली केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दगडाचा आकार, धार आणि तो कसा वापरला हे बघायला सांगितलं, आणि घातक हत्याराचं कलम काढून साध्या जबर दुखापतीचं कलम लावलं. माणसाचे दात घातक हत्यार नाहीत, असं त्याच न्यायालयाने २००४ मध्ये म्हटलं आहे. ॲसिडला मात्र वेगळं कलम आहे, १२४. तिथे किमान दहा वर्षांची शिक्षा आहे, आणि ॲसिड नुसतं फेकायचा प्रयत्न केला तरी पाच ते सात वर्षं.

मारहाण की खुनाचा प्रयत्न

कलम १०९, म्हणजे जुनं ३०७. हे लागलं की घरावर आभाळ कोसळतं. इथे इजेपेक्षा हेतूला वजन आहे. १९८३ च्या महाराष्ट्र शासन विरुद्ध बलराम बामा पाटील या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की जीव जाईल एवढी इजा झालीच पाहिजे असं नाही. गोळी झाडली आणि नेम चुकला, तरी खुनाचा प्रयत्न होऊ शकतो. उलट, इजा मोठी पण हेतू ठार मारण्याचा नाही, तर ११७ किंवा ११८ पुरेसं असतं. फिर्याद वजनदार दिसावी म्हणून 'जिवे मारण्याच्या उद्देशाने' हे शब्द लिहायची जी सवय पडली आहे, तिचा फायदा फिर्यादीलाही होत नाही असं आम्हाला वाटतं. जखमेचा कागद आणि हे शब्द जुळले नाहीत की उलटतपासणीत सगळ्या जबाबावरचाच विश्वास ढळतो.

माणूस दगावला तर प्रश्न आणखी नाजूक होतो. १९५८ चा विरसा सिंग खटला वकिलीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवला जातो. पोटात भाल्याचा एकच घाव होता. ठार मारायचं नव्हतं, हा बचाव चालला नाही. न्यायालयाने विचारलं ते एवढंच: तीच इजा करायचा इरादा होता का, आणि ती इजा सामान्यपणे मरण आणायला पुरेशी होती का? दोन्ही उत्तरं 'हो' आली की तो खून. दुसऱ्या टोकाला कायद्यातलंच एक उदाहरण आहे. समोरच्याला आजार आहे हे माहीत नसताना, धडधाकट माणूस मरणार नाही असा घाव घातला आणि तो दगावला, तर मारणारा खुनाचा दोषी नाही. आजार माहीत असून घाव घातला असेल तर गोष्ट वेगळी.

पाच भावांची नावं

भांडणात एकाने मारलं, पण फिर्यादीत घरातल्या पाचही भावांची नावं, कधी म्हाताऱ्या अब्बांचं आणि वहिनीचंही. याला दोन कलमं वाट देतात. ३(५) मध्ये सामाईक इरादा लागतो, म्हणजे सगळ्यांच्या मनात तेच कृत्य होतं हे दिसलं पाहिजे. १९० मध्ये पाच किंवा जास्त माणसांचा बेकायदेशीर जमाव आणि त्याचं सामाईक उद्दिष्ट. नुसतं तिथे उभं असणं, सोडवायला मध्ये पडणं, आरडाओरडा ऐकून धावत येणं याने कुणी गुन्हेगार होत नाही. पण जो सोडवायला गेला होता त्याला ते सांगावं लागतं, आणि मोबाइलमधला व्हिडिओ, दुकानाचा कॅमेरा हेच त्याचे साक्षीदार ठरतात. कॅमेऱ्याचं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, म्हणून ते जपून ठेवण्याची विनंती पोलिसांना लेखी, लगेच करायची.

जमावाच्या मारहाणीसाठी नव्या संहितेत ११७(४) आलं आहे. पाच किंवा जास्त जणांच्या गटाने मिळून वंश, जात किंवा समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा किंवा तशाच कारणावरून जबर दुखापत केली, तर गटातला प्रत्येक जण सात वर्षांपर्यंत कैद आणि दंडाला पात्र. मृत्यू झाला तर १०३(२), तिथे फाशी किंवा जन्मठेप. यादीत 'धर्म' हा शब्द नाही, 'समुदाय' आणि 'वैयक्तिक श्रद्धा' आहेत. ११७(४) ची कैद साध्या ११७(२) एवढीच आहे, हे आम्हाला अपुरं वाटतं. तरी कलम आहे तर ते लागलं पाहिजे, आणि ते लागतं मारहाणीमागच्या कारणावरून. म्हणून मारताना जमाव काय बोलत होता, कोणती शिवी दिली, नाव विचारून मारलं का, हे शब्द जबाबात जसेच्या तसे उतरले पाहिजेत. 'अज्ञात इसमांनी किरकोळ कारणावरून' असं लिहिलं गेलं तर ते कारण कागदावरून गेलं. जबाब वाचून घ्या, वाचता येत नसेल तर वाचून घेण्याचा आग्रह धरा, मगच सही.

घरातला मार

नवऱ्याने बायकोला मारणं हीही दुखापतच. निकाहाने ११५ किंवा ११७ मधून सूट मिळत नाही. शिवाय कलम ८५ आहे, पूर्वीचं ४९८-अ: नवऱ्याकडून किंवा सासरच्यांकडून क्रूरता, तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा सगळ्या धर्मांच्या बायकांना सारखा लागू आहे, आणि त्यात घरात राहण्याचा हक्क, संरक्षणाचा आदेश हे मॅजिस्ट्रेटकडून मिळतं. 'घरचं भांडण आहे, मिटवा' असं म्हणून परत पाठवलेल्या बाईने दवाखान्याचा कागद तरी करून ठेवावा.

बचावाचा हक्क

कुणी अंगावर आलं तर हात बांधून उभं राहा, असं कायदा सांगत नाही. जबर दुखापत होईल अशी वाजवी भीती असेल तर हल्लेखोराचा जीव गेला तरी बचाव होऊ शकतो, इतका हा हक्क मोठा आहे. मर्यादा दोन आहेत: गरजेपेक्षा जास्त इजा नको, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क राहत नाही. हल्लेखोर पळायला लागल्यावर गल्लीच्या टोकापर्यंत पाठलाग करून मारणं हा बचाव नाही. गंभीर आणि अचानक चिथावणीने हात उठला, तर कलम १२२ प्रमाणे शिक्षा बरीच कमी होते. आठवडाभर मनात ठेवलेला राग 'अचानक' ठरत नाही.

पहिल्या चोवीस तासांत

आधी दवाखाना. 'पोलीस केस आहे, आधी ठाण्यात जा' असं म्हणून कोणताही डॉक्टर, सरकारी असो की खासगी, तातडीचे उपचार नाकारू शकत नाही. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच हे सांगितलं आहे. डॉक्टरांना कोणी, कशाने, कधी मारलं ते सांगा, कारण ते तिथे लिहिलं जातं. लाजेखातर 'जिन्यावरून पडलो' सांगितलं तर तोच कागद नंतर तुमच्याविरुद्ध वापरला जातो. दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण चालत नाही. एफआयआरची प्रत फुकट मिळते. तीन वर्षं ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीने चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते. ११७(२) ची शिक्षा पूर्ण सात वर्षांपर्यंत जाते, त्यामुळे तिथे ही सबब नाही. ठाण्याने खबर घेतलीच नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवायचं, आणि तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जायचं.

सुलह

जमातीतली वडीलधारी माणसं बसतात, दवाखान्याचा खर्च ठरतो, गळाभेट होते. चांगलंच आहे. पण कायद्यात याला किती जागा आहे हे कलमावर अवलंबून. ११५(२) मार खाणारा स्वतः मिटवू शकतो. ११७(२) न्यायालयाच्या परवानगीने मिटतं. १०९ आणि ११८(२) मात्र दोघांच्या संमतीने मिटत नाहीत, त्यासाठी उच्च न्यायालयात जावं लागतं. खुनाच्या प्रयत्नाचं कलम लावलेलं असलं तरी जखमेचं स्वरूप आणि हत्यार बघून तडजोडीवर खटला रद्द करता येतो का, हे उच्च न्यायालय तपासू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये नरिंदर सिंग प्रकरणात सांगितलं. तोपर्यंत शंभराच्या स्टॅम्पवरची सुलह कपाटात ठेवून तारखेला गैरहजर राहायचं नाही, वॉरंट निघतं.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. बायका, मुलं आणि कोठडीतल्या माणसांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००.